दहा मोजेपर्यंत

पंखेवालीनं चार म्हणता म्हणता हात उचलला, निळ्या डगल्यावर घासला आणि म्हणाली, “ओ ताई, तुमच्या बाबांचा हात कशाचा बनवला होता हो? मला तर चारच्या पुढं जाताच येत नाही.”

पंखाघरात बोलणं म्हणजे ओरडणं. पाच मोठे पंखे एका लयीत घुमत असतात, त्यांचा वारा जाडजूड नळांतून पलीकडच्या काचेच्या भट्टीच्या भिंतींवर जातो, भिंती त्यामुळं टिकून राहतात आणि बाटल्या बनत राहतात. त्या घुमण्यात माणसाचा आवाज चिरकतो, चेष्टासुद्धा तक्रारीसारखी ऐकू येते. तिनं ती चेष्टाच समजली आणि हसली. वरच्या नोंदणी विभागातून ती एका कागदावर सही घ्यायला खाली आली होती. सही झाली होती, निघायला हरकत नव्हती. पण तीन नंबरच्या पंख्याशेजारी भिंतीला अडकवलेल्या टॅबवर ते उत्तर अजून तसंच होतं. त्या पंख्याचा सेन्सर दोन दिवसांपूर्वी बंद पडला होता, नवा यायचा होता. तोवर बेअरिंग किती तापलंय ते कसं बघायचं, असं पंखेवालीनं विचारलं होतं आणि टॅबनं लिहिलं होतं: ‘तळहात ठेवून पाहा. दहा मोजेपर्यंत राहिला तर काळजी नाही. घाई करू नका, पंखा कुठं पळून जात नाही.’

शेवटचं वाक्य बाबांचं होतं. असं वाक्य कुणीही म्हणू शकतं, हे तिला कळत होतं. पण ‘कुठं’ आणि ‘पळून’ यांच्या मध्ये जी एक बारीकशी थांबण्याची जागा होती ती बाबांची होती, आणि ती जागा पडद्यावरच्या छापील अक्षरांत कशी काय दिसत होती ते तिला कळेना. शाळेच्या पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधताना बाबा म्हणाले होते, घाई करू नकोस, शाळा कुठं पळून जात नाही. पुढं कधी बस, कधी नोकरी, कधी लग्न, काहीच कुठं पळून जात नव्हतं. आणि मग अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी ते स्वतःच गेले. त्या दिवशी तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हे वाक्य, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

“राहतो की नाही हात, दहापर्यंत?” पंखेवाली विचारत होती. “वारेकाका म्हणतायत राहतो.”

“कोण म्हणतंय?”

“हेच,” तिनं टॅबकडं हनुवटी उडवली आणि मग जीभ चावली. “म्हणजे तसं नाही हो ताई. सगळे म्हणतात म्हणून.”

वारेकाका हे बाबांचं कारखान्यातलं नाव. तीस वर्षं पंखाघरात फिटर होते, वाऱ्याची जबाबदारी त्यांची, म्हणून वारेकाका. आता ते नाव टॅबला पडलं होतं हे तिला ठाऊक होतं. जेवणाच्या खोलीत एकदा पलीकडच्या बाकावरून ऐकू आलं होतं, ‘अरे, वारेकाकांना विचार ना, ते सांगतील,’ आणि तिचा चमचा डब्यातच राहिला होता. तशी ही गोष्ट सोपी होती, आणि ती कशी घडली हे सांगू शकणारी सगळ्यांत जवळची व्यक्ती तीच. कंपनीनं एक मोठं भाषेचं मॉडेल घेतलं होतं. जगभरचं वाचून तयार झालेलं ते मॉडेल, त्याला मग या कारखान्याची माहितीपुस्तकं, सेन्सरचे आकडे आणि दुरुस्तीच्या जुन्या नोंदवह्या खाऊ घातल्या होत्या. कामगारानं साध्या भाषेत विचारायचं, ते साध्या भाषेत सांगणार. साच्यांच्या विभागात ते एखाद्या कारकुनासारखं कोरडं बोले, पॅकिंगमध्ये तर नुसते आकडे फेके. पंखाघराच्या नोंदी मात्र जवळजवळ सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या होत्या. बासष्ट वह्या. त्या वह्या आठ महिने बसून संगणकात उतरवल्या त्या तिनं. त्या वेळी बाबा निवृत्त होऊन घरी होते, गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि ती आली की विचारायचे, “कुठवर आलो आज?” जणू तो प्रवास होता आणि दोघं एकाच गाडीत बसले होते.

तिनं साहित्यात पदवी घेतली होती आणि नोकरी काचेच्या कारखान्यात धरली होती, याची चेष्टा मैत्रिणी करत. त्या वह्यांनी मात्र तिला पहिल्यांदा वाटलं की आपण वाचायला शिकलो ते यासाठीच. नोंदवहीत लिहायला जागा इतकी कमी असते की इतर फिटर ‘ठीक’ लिहून मोकळे होत. बाबा त्या बोटभर जागेत लिहीत. ‘आज दोन नंबरचा आवाज घशातून येतो.’ ‘पट्टा रुसलाय.’ आणि बेअरिंगच्या तपासणीत तर एका शब्दावर कधी भागायचंच नाही. तळहात म्हणून झालं की मनगट, मनगट म्हणून झालं की कोपर. उतरवताना ती मनाशी म्हणायची, काय हा शब्दांचा सोस! आपल्यात वाचनाचं वेड आलं ते कुठून, याचं उत्तर सापडल्यासारखं तिला वाटे. सातवीपर्यंत शिकलेल्या आपल्या बापाला शैली आहे, हा शोध तिला एकटीला लागला होता आणि तो तिनं जपून ठेवला होता.

“उद्या सेन्सर येईल,” ती पंखेवालीला म्हणाली. आपण नेमकं काय सांगायला हवं होतं ते जिना चढताना तिला आठवायला लागलं, आणि आठवेना.

जिन्यात तिला बाबांच्या आजारपणातला हॉस्पिटलचा पेला दिसला. पेला दिसला म्हणजे त्याचा कागद, त्यावरची निळी रेघ, आणि ती रेघ बाबांच्या बोटांनी दाबली गेलेली. चहा इतका गरम होता की तिनं रुमालात धरून आणला होता. बाबांनी तो घेतला आणि तसाच धरून बसले, खिडकीबाहेरच्या कबुतराबद्दल काहीतरी सांगत. पेला ठेवला तेव्हा तीन बोटांवर फोड आले होते, आणि ते स्वतःच फोडांकडं असे बघत होते जसं कुणी दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत निघाल्यावर बघावं. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं थरथरणारी अवजारं धरली की हाताच्या नसा मरतात, ग्राइंडर चालवणाऱ्यांचं असं होतं. “कधीपासून आहे हे?” बाबा म्हणाले, “हे आत्ताआत्ताच.” तिनं ते मानलं होतं. त्या आठवड्यात मानायला, न मानायला दुसऱ्या इतक्या गोष्टी होत्या.

आत्ताआत्ता म्हणजे कधी? ती जागेवर येऊन बसली. समोर पडदा होता आणि पडद्यावर तिला हवं ते काढता येत होतं. बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या पाच वर्षांत पंख्यांवर सेन्सर बसले, त्यामुळं त्या वर्षांच्या नोंदींसमोर अंशही लिहिलेले होते. तिनं नोंदी आणि आकडे शेजारी शेजारी लावले. अडुसष्ट अंश, हात राहिला. बहात्तर अंश, हात राहिला. एकाहत्तर, हात राहिला. मग उठली, चहाच्या यंत्रातून पेलाभर गरम पाणी घेतलं आणि बोट बुडवलं. एक म्हणायच्या आत बोट तोंडात होतं.

मॉडेलवाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसे. तो दुसऱ्या कंपनीतून तीन वर्षांसाठी आला होता, मऊ बोलायचा, आणि त्याला भट्टीची भीती वाटते हे सगळ्यांना माहीत होतं.

“सत्तर अंशाला माणसाचा हात दहा मोजेपर्यंत राहतो?” तिनं विचारलं.

त्यानं पडदा बघितला. “आकडे तर तसंच म्हणतायत मॅडम. तीनशेच्या वर नोंदी आहेत.”

“तुम्ही कधी ठेवून बघितलाय?”

“मी? मी त्या जिन्यानं खालीसुद्धा उतरत नाही.” तो हसला आणि मग तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबला. “का? नोंदीत काही गडबड आहे का?”

“असली तर?”

“तर काढायच्या. सोपं आहे. मॉडेल काय, त्याला जे दिलं ते शिकलं. एक फॉर्म आहे, कुठल्या तारखेपासून कुठल्या माणसाच्या नोंदींवर विश्वास नाही ते भरायचं, आणि मी त्या वगळून पुन्हा शिकवतो. माणूस एकच असला तर बटण दाबायचं काम.” मग त्याला बहुधा उमगलं की पंखाघरातला तो एक माणूस कोण. “आधी खात्री करा मॅडम,” तो हळू म्हणाला. “घाई नाही.”

फॉर्म तिनं उघडला. कारणाच्या जागी तीन पर्याय होते. कर्मचाऱ्यानं चुकीची नोंद केली. उपकरण नादुरुस्त होतं. नोंद संगणकात उतरवताना चूक झाली. पहिल्या पर्यायासमोरचा रिकामा चौकोन इतका स्वच्छ होता की तिला तो खिडकीसारखा वाटला. त्यावर खूण केली की बाबा खोटं लिहीत होते असं ठरणार. बधिर हात बेअरिंगवर ठेवून, काहीही न कळता, ‘राहिला’ म्हणून सही करणारा माणूस. आणि मग बटण दाबलं की टॅबवरची ती वाक्यं जाणार, पट्टे रुसायचे थांबणार, पंख्यांना घसा राहणार नाही. आणि खूण नाही केली तर? तर पंखेवाली उद्या पुन्हा हात ठेवणार. तिच्यामागून येणाऱ्या पाळीचा माणूस ठेवणार, आणि त्याची कातडी जरा जाड असली, तो जरा हट्टी असला, तर दहा मोजणार आणि म्हणणार, ठीक आहे, वारेकाका बरोबर सांगतात. आणि पंखा आतून जळत राहणार. पंखा थांबला तर त्या बाजूची भट्टीची भिंत किती मिनिटं धरते हे बाबांनी तिला लहानपणी सांगितलं होतं. तो आकडा तिला आठवत होता आणि म्हणूनच ती तो मनात येऊ देत नव्हती.

तिनं फॉर्म बंद केला. खाली फोन करून नुसतं ‘आज हात लावू नका’ एवढं सांगता आलं असतं. ‘का?’ असं विचारलं असतं तर? त्या एका ‘का’पाशी तिचा हात थबकला आणि ती घरी गेली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचे दोन शर्ट ती अजून धुऊन वाळवून घडी करून ठेवत असे, आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

“आई, बाबांच्या हाताला कळायचं कधी बंद झालं गं?”

“काय कळायचं?”

“गरम. गार.”

“झाली की बरीच वर्षं.” आईनं बाही सरळ केली. “गॅसवरचं भांडं मी त्यांना उतरवू देत नव्हते. सरळ धरायचे उचलून. तुझ्या समोर किती वेळा ओरडलेय मी त्यांच्यावर.”

“मला वाटायचं तू उगीच ओरडतेस.”

“हो, मी उगीचच ओरडते, मला दुसरं काम काय!”

“डॉक्टरांना तर ते म्हणाले आत्ताआत्ताच.”

“डॉक्टरांना सगळे असंच सांगतात. त्यात काय एवढं?”

“मला का नाही सांगितलं कुणी?”

“घरातच होतीस ना तू? मला वाटलं तुला दिसतंय.” आई थांबली. शर्ट मांडीवर ठेवून तिच्याकडं बघू लागली. “आज काय झालंय?”

“कामावर कसं करत असतील ते? हाताला कळत नसताना?”

“ते मला काय विचारतेस? त्यांच्या कामावर तू होतीस. मी कुठं होते?”

खरंच, आठ वर्षं ती त्याच छपराखाली होती, वर कागदांत, आणि ते खाली वाऱ्यात. दुपारी डबा खायला एकत्र बसायचे तेव्हा बाबा कधी बोटं मिटून, कधी उघडून बघत, आणि तिला वाटे, थकलेत. आपल्याला बापाचं दुखणं कळलं नाही हे मनात आलं की त्यामागोमाग, वकिलासारखी, ती जुनी गोष्ट उभी राही. पदवीच्या शेवटच्या परीक्षेच्या सकाळी तिचं अंग मोडून आलं होतं. आई मावशीकडं गेली होती. बाबा रात्रपाळीहून आले, कपाळावर हात ठेवला, चांगला बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, “गार आहेस की! जा, पेपर दे.” ती गेली आणि दुसऱ्या तासाला बाकावरच कलंडली. ताप एकशे तीन होता. तो पेपर पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागला, ते वर्ष फुकट गेलं. ‘बाबांचा थर्मामीटर’ म्हणून ती हे पाहुण्यांना रंगवून सांगायची, सगळे हसायचे, बाबाही हसायचे. चेष्टेत जो एक काटा होता तो तिचा तिला ठाऊक होता: की या माणसाला पंख्याचा ताप कळतो, पोरीचा कळत नाही.

सकाळी पंखेवाली जिन्यातच भेटली. उजव्या हाताला पट्टी होती.

“दहा केले, ताई!” ती अभिमानानं म्हणाली. “दात खाऊन केले. वारेकाकांची शिष्या व्हायचं म्हणजे काय खायचं काम आहे? हा एवढा फोड आलाय. पण दहा झाले म्हणजे पंखा ठीक आहे, तसं लिहून टाकलं मी.”

“ठीक नाहीये,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. म्हणजे, मी येते. मी आलेच. तोवर हात लावू नका.”

ती कार्यालयात गेली नाही, जुन्या कागदांच्या खोलीत गेली. का ते तिला सांगता आलं नसतं. फॉर्मवर तारीख हवी होती, एवढंच एक धरून ती आत शिरली असावी. संगणकात सगळं होतं, तरी तिला वही हवी होती. बासष्ट वह्या दोन लोखंडी कपाटांत होत्या, तिनंच लावलेल्या. शेवटच्या पाच वर्षांतली एक ओढली, कडेला ग्रीसचे ठसे असलेली. वास आला आणि तिला थोडा वेळ डोळे मिटून उभं राहावं लागलं. मग पान उघडलं आणि वाचलं.

‘तीन नंबर. तळहात दहा, राहिला. मनगट तीन. ग्रीस भरलं. तासाभरानं मनगट नऊ, कोपर दहा. ठीक.’

तिनं ते पुन्हा वाचलं. पुढचं पान. ‘पाच नंबर. तळहात दहा. मनगट दोन. पंखा थांबवून राखीव लावला.’ त्यापुढचं. सगळीकडं तळहात दहाच होता, कधीही दहाच. आणि त्याच्यापुढं, तितक्याच काळजीनं, मनगट. हे तिनं वाचलेलं होतं. प्रत्येक ओळ वाचली होती, उतरवताना तोंडानं पुटपुटली होती. तिला ते गाणं वाटलं होतं. मॉडेलवाल्यानं त्या वेळी जो साचा दिला होता त्यात हातासाठी एकच रकाना होता: राहिला, किंवा राहिला नाही. बाबांच्या ओळीत पहिल्यांदा यायचं ‘तळहात राहिला’, म्हणून ती ‘राहिला’वर खूण करायची. ग्रीस भरलं हे कामाच्या रकान्यात जायचं, रुसलेला पट्टा आणि पंख्याचा घसा शेऱ्याच्या. मनगटाला रकाना नव्हता. तिला त्याचं वाईट वाटायचं, एका सुंदर वाक्याचा कसा सांगाडा करून टाकतोय आपण असं वाटायचं, आणि ते वाईट वाटणं किती खोटं, किती शिकल्यासवरल्याचं होतं! ओळीत जे सौंदर्य तिला दिसलं तेच तिनं सोडून दिलं होतं, आणि तिथंच नेमकं बेअरिंगचं तापमान होतं.

एकदा तिनं विचारलंही होतं. गॅलरीत, पाय वर घेऊन बसली होती. “बाबा, तळहात, मनगट, कोपर, असं सगळं का हो लिहायचात? एकच काहीतरी लिहायचं ना.” बाबा बाहेर बघत म्हणाले होते, “जे लागलं ते लिहिलं.” आणि थोड्या वेळानं, अगदी सहज, “तसंच उतरवतेस ना?” ती हो म्हणाली होती. तिला वाटलं होतं लेखक विचारतोय. आता ती वही हातात धरून उभी होती आणि त्या गॅलरीतल्या आवाजात शिरून बघत होती, त्यात भीती होती का, की ही आता काही ओळखेल, किंवा आशा होती, की ओळखेल. ऐकू काहीच येत नव्हतं. खालून पंख्यांची घरघर तेवढी फरशीतून तळपायांना लागत होती.

खोलीतल्या फोनवरून तिनं पंखाघर लावलं. “मनगट लावून बघा,” ती म्हणाली. “आतली बाजू. आणि मोजा.”

“तळहात नको?”

“तळहात कधीच नको. मनगट.”

वाऱ्याचा आवाज आला, मग पंखेवालीचा. “दोन! दोनला उचललं ताई!”

“राखीव पंखा लावा आणि तीन नंबर थांबवा. ग्रीस भरा. वरून परवानगी मी घेते.”

“टॅब तर म्हणतंय...”

“टॅबला मी चुकीचं सांगितलंय,” ती म्हणाली. “मी. त्यांनी नाही.”

मग ती वह्या मागं मागं उघडत गेली. फॉर्मला तारीख लागणार होती. मनगट पहिल्यांदा कधी आलं? तिला वाटलं होतं वर्षभर, दोन वर्षं. मागचं वर्ष उघडलं, मनगट होतं. त्याच्या मागचं, होतं. ती खाली फरशीवर बसली. सात वर्षं मागं, आठ, नऊ, आणि बाबा दर पाळीला तळहात ठेवून दहा मोजत होते. कळत नाही हे माहीत असताना तळहात कशाला? छापील वहीत ‘हाताने तपासणी’ असा रकाना होता, तो भरायला, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण रोज? दिवसातून पाच पंखे, पाच वेळा? पंख्याबरोबर ते आपल्या हाताचीही नोंद ठेवत होते की काय, आज तरी लागेल, आज नऊला तरी उचलावा लागेल, अशी? तिला उत्तर माहीत नव्हतं आणि विचारायला आता टॅबशिवाय कुणी नव्हतं. टॅबला विचारलं असतं तर त्यानं दिलंही असतं उत्तर, त्यांच्याच आवाजात, आणि ती ते ऐकत बसली असती. त्या विचारानं ती दचकली.

अकरा वर्षं मागच्या वहीत मनगट लागलं, आणि त्याच वहीत, मधल्या एका पानावर, ते सुरू होत होतं. त्याआधीच्या पानांवर तळहात होता, आणि त्याचे आकडे जिवंत होते, सहा, आठ, पाच, हळूहळू वाढत गेलेले, नऊ, दहा, दहा. मग ही नोंद. अक्षर नेहमीपेक्षा मोठं. ‘तीन नंबर. तळहात दहा. विश्वास नाही. मनगट चार.’

विश्वास नाही. हे दोन शब्द तिनं उतरवताना कुठं टाकले होते? बहुतेक कुठंच नाही.

तिनं तारीख वाचली. वाचली तेव्हा ती नुसती तारीख होती. ती कागदावर लिहून घेताना तिचा हात मंद झाला, कारण त्या महिन्याची, त्या आठवड्याची तारीख तिनं कधीतरी पुष्कळ वेळा लिहिली होती, वेळापत्रकावर, उशाशी, लाल पेनानं. तिच्या परीक्षेच्या पहिल्या पेपरची ती तारीख होती. म्हणजे नोंद त्याच दिवसाची, रात्रीच्या पाळीची. सकाळी ते कपाळावर बराच वेळ हात ठेवून बसले होते. दुपारी कुणीतरी त्यांना कॉलेजातून बोलावलं, आणि घरी आणताना रिक्षात ते एकदम वाकले आणि आपला गाल तिच्या कपाळाला लावला. खरखरीत, दाढी वाढलेला गाल. ती तापात होती, चिडलेली होती, लोक बघतायत असं तिला वाटत होतं. तिनं त्यांना ढकललं होतं. “काय हे बाबा, मी काय लहान आहे का?” ते मागं टेकले होते आणि आपल्या हाताकडं बघत राहिले होते. गोष्ट सांगताना ती हा भाग कधी सांगत नसे, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून. त्या रात्री ते कामावर गेले आणि बेअरिंगवर हात ठेवला.

तिनं पुढं विचार करून बघितला आणि तो कुठं जाईना. त्यांना आधीपासून शंका होती का? तिच्या कपाळावर कळलं का? चेष्टेत हसताना ते कशाला हसत होते? सगळं उलगडलं असं वाटत होतं आणि त्याच वेळी हातात काहीच राहत नव्हतं, ओल्या काचेसारखं निसटत होतं. पाय बधिर झाले होते. ती कपाटाला धरून उठली, वही बगलेत घेतली आणि वर गेली.

मॉडेलवाल्यानं खुर्ची सरकवून दिली. तिनं फॉर्म उघडला. तिसऱ्या पर्यायावर खूण केली: नोंद संगणकात उतरवताना चूक झाली. जबाबदार व्यक्तीच्या जागी स्वतःचं नाव घातलं. तारीख घातली. सर्व वह्या पुन्हा उतरवाव्या लागतील का, या प्रश्नाला ‘होय, तशाच’ असं लिहिलं.

“आठ महिने जातील मॅडम,” तो म्हणाला. “आणि तोवर पंखाघरात ते हाताबद्दल काही सांगणार नाही. मला बंद करून ठेवावं लागेल.”

“ठेवा.”

शेवटचा रकाना होता: ही तारीख कशाच्या आधारे ठरवली? वहीचा क्रमांक लिहिला, पानाचा क्रमांक लिहिला. मग लिहिलं, ‘त्या दिवशी मला एकशे तीन ताप होता आणि तो त्यांच्या हाताला लागला नाही.’

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. टॅबवरचंच ते मॉडेल इथं कुठल्याही फॉर्मवर असं विचारी. ‘हा मजकूर नोंदीशी संबंधित वाटत नाही. वगळायचा?’

तिनं ‘नको’ दाबलं.